संहती आणि अभिक्रियेचा वेग

रासायनिक अभिक्रिया किती वेगाने घडेल, हे केवळ कोणते पदार्थ एकत्र आले यावर ठरत नाही. ते किती दाटीने एकत्र आले, यावरही ठरते. ठरावीक आकारमानात पदार्थाचे कण जितके अधिक, तितकी त्याची संहती अधिक.

शालेय प्रयोगशाळेतील एक परिचित प्रयोग पाहू. शहाबादी फरशीचे दोन सारखे तुकडे दोन परीक्षानळ्यांत घेऊन एकीत विरल व दुसरीत तेवढेच संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दोन्हींत दिसतात. मात्र संहत आम्लात ते अधिक जोराने उसळतात. अभिक्रिया होण्यासाठी कणांची परस्परांशी टक्कर व्हावी लागते. प्रत्येक टक्कर फलदायी नसते. तीत पुरेशी ऊर्जा असावी लागते. परंतु कणांची दाटी वाढली की एकूण टकरा वाढतात आणि त्यांबरोबर फलदायी टकराही वाढतात.

1850 साली जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी आम्लमिश्रित द्रावणातील साखरेच्या विघटनाचा अभ्यास केला. विघटनाचा वेग त्या त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. म्हणूनच साखर संपत जाते तशी अभिक्रियाही मंदावते.

ज्वलन हीदेखील रासायनिक अभिक्रियाच आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. हवेत नुसती धुमसणारी उदबत्ती शुद्ध ऑक्सिजनच्या नळीत धरताच भडकते. 27 जानेवारी 1967 रोजी अमेरिकेत अपोलो 1 यानाची जमिनीवरील चाचणी सुरू असताना शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या कक्षात आग लागली. ती काही सेकंदांत सर्वत्र पसरली आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तिन्ही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यानंतर उड्डाणापूर्वी कक्षात 60 टक्के ऑक्सिजन व 40 टक्के नायट्रोजन ठेवण्यात येऊ लागला.

आज अनेक घरांत रुग्णांना ऑक्सिजन लावलेला असतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. परंतु अंथरूण-पांघरुणात तो साठून राहिला, तर लहानशी ठिणगीही वणव्यासारखी पसरते. म्हणून अशा खोलीत मेणबत्ती, उदबत्ती वा विडी कधीही पेटवू नये आणि दारे-खिडक्या शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात.