जुन्या ट्रॅक्टरची ओळख
जुना ट्रॅक्टर घेतांना नाशिककडील आमचे द्राक्षबागाईतदार बंधु रंगावर व विकणाराच्या शब्दावर विसंबतील तर फसतील. रंग दोन दिवसांत नवा होतो. करडा फर्ग्युसन टी. ई. २० इंग्लंडांत १९४६ ते १९५६ पर्यंत निघाला. त्याचा क्रमांक चालकासमोर जडविलेल्या पट्टीवर असतो. इंटरनॅशनल बी-२७५ इंग्लंडांत १९५८ पासून व महिंद्रांकडून मुंबईंत १९६५ पासून निघाला. म्हणून नुसत्या नांवावरून साल ठरत नाहीं. इंजिन मागाहून बदललेलें असूं शकतें. यास्तव सांगाड्याचा व इंजिनाचा असे दोन्ही क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावे व ते जुळल्यावांचून विसार देऊं नये. चुकीच्या सुट्या भागापायीं ऐन फवारणींत यंत्र अडलें, तर बाग थांबत नाहीं.