गाण्याचा मालक कोण?

गाणारा माणूस कामगार आहे काय, असे विचारले तर पुष्कळ लोक हसतील. कलावंताला मजुरांच्या रांगेत उभे करणे म्हणजे कलेचा अपमान, अशी आपल्याकडे समजूत आहे. आमचे आयुष्य यंत्रमाग व ऊसतोड कामगारांच्या संघटनेत गेले, आणि आमचे मत याच्या उलट आहे. गळा, बोटे आणि शब्द हीच ज्याची हत्यारे, आणि ज्याच्या श्रमातून निघालेला माल दुसराच कोणी बाजारात विकतो, तो कामगार नव्हे तर कोण? हा प्रश्न नुसता वादाचा नाही. अमेरिकेतील आनी डिफ्रँको या गायिकेने तो आपल्या परीने सोडवण्याचा प्रयत्न तीसहून अधिक वर्षे केला आहे. त्या स्वतः गाणी रचतात, स्वतः चाल लावतात, स्वतः गिटार वाजवून गातात, आणि आपल्या ध्वनिमुद्रिका स्वतःच्याच कंपनीतून काढतात. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ काय, तो आधी पाहू.

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन निरनिराळ्या मालमत्ता दडलेल्या असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे मूळ मुद्रण, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. बाजारातली प्रत्येक तबकडी, कॅसेट किंवा आजची संगणकीय प्रत त्या मास्टरवरून निघते. मोठी कंपनी नव्या गायकाशी करार करते तेव्हा त्याच्या हाती एक रक्कम ठेवते. वर्तमानपत्रांत तिचे आकडे झळकतात आणि लोकांना वाटते, पोरगा श्रीमंत झाला. वास्तविक ती रक्कम बक्षीस नसते, उचल असते. विक्रीतून गायकाच्या वाट्याला शेकडा दहा-पंधरा येणार. त्यातूनच ही उचल, स्टुडिओचे भाडे आणि पुष्कळदा जाहिरातीच्या चित्रफितीचा खर्चही वळता होणार. ऊसतोडीचा मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे उचल देतो आणि पट्टा पडला की हिशेबाची वही उघडतो, तोच हा प्रकार. जोडप्याने सहा महिने ऊस तोडला, तरी वहीत बाकी उरलेलीच असते. गायकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे: त्याची उचल फिटली तरी मास्टर कंपनीचाच राहतो. ते गाणे पुन्हा केव्हा काढावे, कोणत्या साबणाच्या जाहिरातीला द्यावे, की कपाटात कुजू द्यावे, हे कंपनीने ठरवायचे.

डिफ्रँकोबाईंनी ही उचल घेतलीच नाही. त्यांचा जन्म १९७० चा, बफेलो शहरातला. ईरी सरोवराच्या काठचे हे गाव धान्याच्या कोठारांवर आणि पोलादावर वाढले. १९५० मध्ये त्याची वस्ती ५ लाख ८० हजारांवर होती; १९९० मध्ये ती ३ लाख २८ हजारांवर आली. शेजारच्या लॅकवाना येथील बेथलेहेम स्टीलचा प्रचंड कारखाना १९८३ मध्ये बहुतांशी बंद पडला. ज्या वर्षांत आमच्या गिरणगावातले भोंगे एकामागून एक मुके होत होते, त्याच वर्षांत ही मुलगी तिकडच्या गुत्त्यांतून मोठ्या माणसांच्या जोडीने गिटार वाजवत होती. पंधराव्या वर्षी आईने गाव सोडले. मुलगी गेली नाही. कायद्याने तिला स्वतःची पालक स्वतःच ठरवले गेले आणि ती एकटी राहून पोट भरू लागली.

१९९० मध्ये त्यांनी पहिली कॅसेट काढली आणि ‘रायचस बेब रेकॉर्ड्स’ ही कंपनी उभी केली. कंपनी हे नाव मोठे, पण आरंभी मालक, गायिका, हमाल आणि विक्रेती या सर्व जागांवर एकच बाई होती. मोटारीत कॅसेटी टाकायच्या, कॉलेजांत, कॉफीच्या दुकानांत, स्त्रियांच्या मेळाव्यांत गायचे, आणि कार्यक्रम संपला की दाराशी बसून त्या विकायच्या. एकीने विकत घेतलेली कॅसेट दहा मैत्रिणींनी उतरवून घेतली तर त्यात तोटाच दिसतो; परंतु पुढल्या वेळी त्या दहाजणी तिकीट काढून येत. संघटनेचे काम ज्यांनी केले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. वर्गणी गेटावर उभे राहूनच जमते, पत्रके वाटून जमत नाही.

१९९५-९६ च्या सुमारास मोठ्या कंपन्या मागे लागल्या. बाईंनी नकार दिला. १९९७ ची ‘लिव्हिंग इन क्लिप’ ही जोड-मुद्रिका सुवर्ण-प्रमाणपत्रापर्यंत गेली, आणि १९९८ ची ‘लिटल प्लॅस्टिक कॅसल’ अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या पंचवीसांत आली. मग अर्थशास्त्राच्या पानांवर कौतुक सुरू झाले. ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकानेसुद्धा त्यांची थोरवी सांगताना एका ध्वनिमुद्रिकेमागे त्या नामांकित गायकांपेक्षा किती अधिक मिळवतात याचा हिशेब मांडला. बाईंनी संपादकांना उघड पत्र लिहून तक्रार केली, की आपल्याला ओळखायचे तर गाण्यावरून ओळखा, नफ्याच्या आकड्यावरून नव्हे. या पत्राबद्दल आम्हाला आदर आहे. तथापि आम्ही येथे हिशेबच मांडत आहोत, कारण हिशेब न पाहणारा कलावंतच मुकादमाला सापडतो.

त्यांची आणि आमची ओळख मात्र हिशेबातून झाली नाही, ती यूटा फिलिप्स या म्हाताऱ्यामुळे झाली. फिलिप्स १९३५ मध्ये जन्मले, शिपाई म्हणून कोरियात गेले, परत आले ते युद्धाला विटून. मालगाड्यांतून फुकट प्रवास करीत देशभर हिंडले आणि ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेचे सभासद झाले. १९०५ मध्ये शिकागोत स्थापन झालेली ही संघटना कुशल-अकुशल, काळा-गोरा, देशी-परदेशी असा भेद न करता सर्वांना एका झेंड्याखाली घेत असे. गाणे हे तिचे मुख्य हत्यार. १९०९ पासून तिने खिशात मावणारे लाल गीतपुस्तक छापले. तिचा गीतकार जो हिल, मूळचा स्वीडनचा मजूर, याला खुनाच्या आरोपावरून १९१५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत गोळ्या घालण्यात आल्या. तो खटला न्याय्य नव्हता असे तेथील कामगारांना आजही वाटते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे ज्या मातीत गायले, तेथल्या वाचकांना गाणे आणि संघटना यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

फिलिप्स गाण्यापेक्षा गोष्टी अधिक सांगत: संपाच्या, तुरुंगाच्या, जुन्या कार्यकर्त्यांच्या. डिफ्रँकोबाईंनी त्यांच्या कार्यक्रमांच्या ध्वनिफिती मागवल्या, त्यांतून गोष्टी निवडल्या आणि त्या बोलण्याखाली आजच्या तरुणांच्या पायाला ठेका धरायला लावील असे संगीत घातले. ‘द पास्ट डिडन्ट गो एनीव्हेअर’ ही ती १९९६ ची मुद्रिका. १९९९ मध्ये दोघांनी श्रोत्यांसमोर बसून ‘फेलो वर्कर्स’ केली. त्या संघटनेत एकमेकांना हाक मारण्याचीच ती रीत. फिलिप्स २००८ मध्ये वारले, पण विशीतल्या मुलामुलींनी त्यांचे नाव या दोन मुद्रिकांतून ऐकले. पुढे २०१२ मध्ये बाईंनी फ्लॉरेन्स रीस यांचे १९३१ च्या केंटकीतील कोळसा-संपाचे गाणे नव्या शब्दांची भर घालून काढले, आणि त्यात नव्वदी ओलांडलेल्या पीट सीगर यांनी बॅन्जो वाजवला. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या विक्री-खात्याने या कामांना पैसे दिले असते, असे आम्हास वाटत नाही. मास्टर आपल्या हाती असण्याचा खरा उपयोग तो हा.

आता दुसरी बाजू. स्वतंत्र म्हणजे निराधारही. बाई कृत्रिम नखे चिकटपट्टीने बोटांना बांधून तारांवर अक्षरशः तुटून पडत असत. वर्षानुवर्षे हे चालले आणि २००५ मध्ये हाताचे स्नायुबंध सुजले. कित्येक महिने दौरे बंद ठेवावे लागले. यंत्रमागावर खांदा गेलेल्या विणकराचे दुखणे याहून निराळे नाही. गाणारा गात नाही त्या दिवशी मिळकत नाही, आणि स्वतःच मालक असलेल्याने आजारपणाची भरपाई कोणाकडे मागावी?

शिवाय एकटीने सुटणे आणि सर्वांनी मिळून सुटणे यांत अंतर आहे. बाई स्वतः मालकीण झाल्या, ही गोष्ट आम्ही दृष्टिआड करणार नाही. त्यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की त्यांनी कंपनी न्यूयॉर्कला हलवली नाही. बफेलोतल्याच छापखान्यांना आणि कारागिरांना काम दिले, पाडायला निघालेले एक जुने दगडी चर्च वाचवून तेथे सभागृह केले, आणि अँड्रू बर्ड, अनाइस मिचेल यांसारख्या इतरांच्या मुद्रिका काढल्या. पण स्वतःच्या घरच्या नैतिकतेवर विसंबणारा माणूस कधी घसरतो, हेही दिसले. २०१३ च्या अखेरीस त्यांनी गीतलेखनाचे शिबिर जाहीर केले, ते लुईझियानातील नॉटोवे येथे, जो वाडा गुलामांच्या राबण्यावर उभा होता. कृष्णवर्णीय स्त्रियांनी जाब विचारला. बाईंनी शिबिर रद्द केले, पण पहिले निवेदन सारवासारवीचे होते. सरळ क्षमा त्यांनी नंतर मागितली. स्वतंत्र माणसाला टोकणारी सभा नसते, ती बाहेरून भरावी लागते.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांसाठी स्वामित्वधन मागितले, आणि गाण्याचा मोबदला मिळाला की हक्क संपला, असे मोहम्मद रफी म्हणाले. भारताचा कायदा २०१२ मध्ये सुधारला. तेव्हापासून चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील गीतकाराचा व संगीतकाराचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही. हे एकेकट्याच्या हिमतीने झाले नसते.

दरम्यान बाजारच पालटला. १९९९ नंतर गाणी संगणकावर फुकट फिरू लागली आणि कार्यक्रमानंतर दाराशी मांडायच्या मालाला गिऱ्हाईक उरेना. आज लोक महिन्याची वर्गणी भरून ऐकतात. सारी वर्गणी एका हौदात पडते आणि एकूण वाजवण्यांच्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे आपण महिनाभर एकाच लहान गायकाला ऐकले, तरी आपले पैसे त्यालाच जातात असे नाही. एका वाजवण्यामागे एक सेंटही पुरता येत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून वर्षात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्यांच्या मुद्रणाला काहीच देणे थांबवले. मास्टर तुमचा, पण रस्ता दुसऱ्याचा, अशी ही नवी गाठ आहे.

२०२४ मध्ये बाईंनी आणखी एक मुद्रिका काढली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘हेड्सटाउन’ या संगीत नाटकात उभ्या राहिल्या. नाटक अनाइस मिचेल यांचे. २०१० मध्ये त्याची गाणी प्रथम निघाली ती रायचस बेबमधूनच, आणि तेव्हाही पर्सेफनीचे काम बाईंनीच गायले होते. पर्सेफनी म्हणजे पाताळातल्या कारखान्याच्या मालकाची बायको. आठवड्याला आठ प्रयोग, दुखलेच तर बदली गायिका तयार, आणि वेतन तेथील नटांच्या १९१३ पासूनच्या संघटनेने, ॲक्टर्स इक्विटीने, ठरवून घेतलेल्या कराराप्रमाणे.