यादीतले शेजारी

कोविड-19 च्या साथीला आवर घालण्यासाठी 24 मार्च 2020 च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा महाराष्ट्रात संचारबंदी आधीच लागू झालेली होती आणि मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी थांबलेली होती. टाळेबंदी म्हणजे अन्नधान्य, दूध, औषधे, वीज, पाणी, रुग्णालये अशा अत्यावश्यक सेवा वगळून बाकीचे व्यवहार बंद ठेवणे आणि प्रत्येक कुटुंबाने आपापल्या घरात राहणे. घर हे उंबरठ्याच्या आतच पुरे होते आणि किमान तीन आठवडे कोणाच्याही आधाराविना चालू शकते, असे या आदेशात गृहीत धरलेले होते. चाळीत, झोपडपट्टीत किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हे गृहीतक पहिल्याच आठवड्यात कोलमडले, कारण तेथे नळ, संडास, उधारी आणि औषध आणून देणारा माणूस, सारेच घराबाहेर असते. गोव्यात तर सुरुवातीला किराणा दुकानेही बंद राहिल्याने लोकांची इतकी अडचण झाली, की काही दिवसांतच सरकारला ती उघडण्याची मुभा द्यावी लागली.

मुंबईतील धारावीत पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 रोजी आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत साडेआठ ते दहा लाख लोक राहतात असे अंदाज आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत. साथीच्या काळात दोन शब्द सर्वांच्या तोंडी झाले होते: बाधित रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या, पण अद्याप आजारी नसलेल्या माणसाला ठरावीक दिवस वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. दहा बाय दहाच्या खोलीत जेथे सहा-आठ माणसे आळीपाळीने झोपतात तेथे यांतील काहीच शक्य नसल्याने महापालिकेने शाळा, सभागृहे आणि राजीव गांधी क्रीडा संकुल ताब्यात घेऊन तेथे संपर्कातील लोकांची सोय केली, स्थानिक खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी सुरू केली आणि शौचालये दिवसातून अनेक वेळा धुण्याची व्यवस्था लावली. एखाद्या गल्लीत रुग्ण सापडला की ती प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद केली जाई, म्हणजे आतल्यांना बाहेर पडता येत नसे आणि बाहेरच्यांना आत जाता येत नसे. अशा वेळी दूध, भाजी, धान्य आत पोहोचवण्याचे काम पालिकेच्या कर्मचाऱ्यांइतकेच वस्तीतील मंडळांच्या कार्यकर्त्यांनी, स्वयंसेवी संस्थांनी आणि महिलांच्या गटांनी केले. कोणत्या घरी तान्हे मूल आहे आणि कोणाला मधुमेहाच्या गोळ्या लागतात, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सहवासामुळे ठाऊक होते, आणि ही माहिती कोणत्याही सरकारी नोंदवहीत सापडली नसती. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी 10 जुलै 2020 रोजी धारावीचा गौरवाने उल्लेख केला आणि त्यानंतर श्रेयावरून पुष्कळ वाद रंगले. शौचालये धुणारे सफाई कामगार मात्र या वादात कोणाच्या फारसे लक्षात आले नाहीत.

मध्यमवर्गीय वसाहतींत हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. ऑनलाइन किराणा पुरवणाऱ्या कंपन्या पहिल्या काही आठवड्यांत मागणीला पुऱ्या पडेनात, तेव्हा कोपऱ्यावरचा वाणी व्हॉट्सॲपवर आलेली यादी पाहून पिशव्या भरून ठेवू लागला. मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांनी सभासदांची मागणी एकत्र करून शेतकरी गटांकडून भाजीपाला थेट फाटकापर्यंत मागवला, आणि ऐन हंगामात बाजार विस्कळीत झाल्याने अडकलेला हापूसही याच वाटेने अनेक घरांत गेला. ज्या इमारतीत समिती नियमित सभा घेत होती, तेथे एकट्या वृद्धांना औषधे आणून देण्याची पाळी सहज लागली, आणि जेथे समितीच्या नावाने केवळ देखभाल खर्चाची बिले निघत होती, तेथे शेजाऱ्याचे नाव कळण्यापासून सुरुवात झाली. मात्र याच समित्यांनी घरकाम करणाऱ्या स्त्रियांना निर्बंध सैल झाल्यावरही फाटकातून आत घेण्यास अनेक ठिकाणी नकार दिला. ज्या बाई पंधरा वर्षे घर सांभाळत होत्या, त्यांचा पगार चालू ठेवावा की नाही हा प्रश्न प्रत्येक घराच्या सद्‌बुद्धीवर सोडला गेला.

साथीत मदतीसाठी आधीचीच नाती आणि संस्था उपयोगी पडतात, हे महाराष्ट्राने पूर्वीही पाहिले आहे. 2020 मध्ये राज्याने ज्या साथरोग अधिनियमाचा आधार घेतला, तो 1897 मध्ये मुंबई इलाख्यातील प्लेगसाठीच करण्यात आला होता. त्याच वर्षी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग होऊन 10 मार्च रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या या सेवेमागे सत्यशोधक चळवळीची काही दशकांची घडण होती. मंडळांच्या बाबतीतही तसेच म्हणता येते: 2020 मध्ये लालबागच्या राजाच्या गणेशोत्सव मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव भरवला, तो त्यांच्याकडे कार्यकर्त्यांची तयार फळी होती म्हणून.

सरकारी मदतही अशाच तयार साच्यांतून वाहिली. महाराष्ट्रात शिधापत्रिका, म्हणजे रेशन कार्ड, उत्पन्नानुसार पिवळी, केशरी किंवा पांढरी असते. अन्नसुरक्षा कायद्याखालील कुटुंबांना एप्रिलपासून माणशी 5 किलो धान्य मोफत मिळू लागले, तर कायद्याबाहेरच्या केशरी कार्डधारकांना राज्याने गहू 8 आणि तांदूळ 12 रुपये किलोने दिला. 26 जानेवारी 2020 रोजी 10 रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी 5 रुपयांवर आणली गेली आणि ती बांधून देण्यात येऊ लागली; थाळीची अनेक केंद्रे महिला बचत गट चालवत होते. थाळीसाठी कार्ड लागत नव्हते, आणि या काळातील सर्व उपायांत तिचे मोल कदाचित याच कारणाने अधिक ठरते.

कारण कार्ड गावी आणि माणूस शहरात, अशी स्थिती लाखो कामगारांची होती. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची योजना सुरू झालेली असली, तरी उत्तर प्रदेश आणि बिहार तिच्यात मे 2020 मध्ये जोडले गेले. भिवंडीच्या यंत्रमागांवर किंवा पुण्याच्या बांधकामांवर राबणारा, मुकादमाने आणलेला आणि पत्र्याच्या खोलीत राहणारा कामगार कोणत्याही समितीचा सभासद, मंडळाचा वर्गणीदार किंवा वाण्याचा उधारी खातेदार नसे. काम बंद झाल्यावर मजुरी थांबली, आणि नंतर मुकादमाचा फोनही लागेना. नागरिकांच्या गटांनी आणि गुरुद्वारांनी अन्न पुरवले, परंतु पुढचे जेवण मिळेलच याची हमी कोणी देऊ शकत नव्हते, म्हणून माणसे महामार्गाने आणि रुळांवरून चालत निघाली. जालन्याहून निघालेले 16 मजूर 8 मे रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली मरण पावले. कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांना दोन महिने मोफत धान्य देण्याची केंद्राची घोषणा त्यानंतर 14 मे रोजी झाली. तोपर्यंत मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक विशेष गाड्या सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि ज्यांच्यासाठी ते धान्य होते त्यांतील कितीतरी जण शहर सोडून गेलेले होते.