तामेशिवारी

तामेशिवारी : उघडा हात, पाय, कोपर किंवा कपाळ यांच्या आघाताने लाकडी फळ्या, कौले, विटा, काँक्रीटच्या वा बर्फाच्या लाद्या इ. कठीण वस्तू फोडण्याचा कराटे व तत्सम युद्धकलांतील एक प्रकार. ‘तामेशी’ म्हणजे चाचणी आणि ‘वारी’ म्हणजे फोडणे, या जपानी शब्दांवरून ही संज्ञा बनली आहे. तायक्वांदो या कोरियन युद्धकलेत यालाच ‘क्योकपा’ म्हणतात. नावावरून सूचित होते त्याप्रमाणे, फोडण्याची वस्तू हे येथे साध्य नसून आघाताची कसोटी पाहण्याचे ते साधन आहे. तथापि जत्रा, सर्कस, रंगमंच व चित्रपट यांतून हाच प्रकार अचाट शक्तीचा चमत्कार म्हणूनही दाखविण्यात येतो. कसोटी व करमणूक ही याची दोन्ही रूपे भौतिकीच्या एकाच नियमांवर आधारलेली असल्यामुळे त्यांतील भेद केवळ पाहून सहज लक्षात येत नाही.

इतिहास : कराटेचा विकास ओकिनावा बेटावर झाला. भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेल्या लाकडी फळीवर (माकिवारा) मुठीचे आघात करण्याचा सराव तेथे रूढ होता. आघाताचा जोर व अचूकता अजमाविण्यासाठी फळ्या व कौले फोडून पाहण्याची प्रथाही त्याच परंपरेत आढळते. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकिओ येथे कराटेचे प्रात्यक्षिक केले व त्यानंतर जपानच्या मुख्य भूमीवर या कलेचा प्रसार झाला. फळ्या व कौले फोडणे हे कराटेचे सार होय, असे मात्र फुनाकोशी यांनी मानले नाही. याउलट, क्योकुशिन शैलीचे संस्थापक ओयामा मासुतात्सू (१९२३–९४) यांनी तामेशिवारीला आपल्या शैलीत महत्त्वाचे स्थान दिले. १९५२ मध्ये त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. फळ्या, विटा व दगड फोडण्याच्या त्यांच्या प्रात्यक्षिकांमुळे पाश्चात्त्य देशांत कराटे म्हणजे विटा फोडण्याची कला, असा समज बराच दृढ झाला. क्योकुशिन शैलीची पहिली खुली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये टोकिओ येथे झाली. या शैलीच्या स्पर्धांत लढत अनिर्णित राहिल्यास व वजनातील फरकावरूनही निर्णय होत नसल्यास, ज्याने अधिक फळ्या फोडल्या असतील त्यास विजयी ठरविण्याची पद्धत आहे. तायक्वांदोमध्ये वरच्या श्रेणीच्या परीक्षांत क्योकपाचा समावेश असतो. आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाच्या (स्था. १९६६) स्पर्धांत शक्तिभंजन हा स्वतंत्र प्रकार आहे. ऑलिंपिक क्रीडासामन्यांत मात्र तायक्वांदो (२००० पासून) आणि कराटे (टोकिओ, २०२१ मध्ये झालेले सामने) यांचा समावेश झाला, तेव्हा फोडण्याच्या प्रकारास स्थान देण्यात आले नाही.

भौतिकीय उपपत्ती : दोन टोकांना आधार दिलेल्या विटेच्या वा फळीच्या मध्यावर आघात झाला, की ती किंचित वाकते. तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. वीट आणि काँक्रीट हे पदार्थ दाब उत्तम रीतीने सहन करतात परंतु ताण सहन करण्याची त्यांची क्षमता दाबाच्या मानाने सु. एक-दशांश एवढीच असते. त्यामुळे तडा खालच्या पृष्ठभागावर उत्पन्न होतो व वर सरकत जाऊन विटेचे दोन तुकडे होतात. म्हणजेच हात वीट चिरडत नाही, तर ती वाकवून तोडतो. इमारतीत दीर्घकाळ मोठा भार पेलणारी वीट हाताच्या एका फटक्याने का तुटते, याचे उत्तर यातच आहे.

आघाताच्या वेळी मुठीचा संवेग लक्ष्याकडे जातो आणि मुठीच्या गतिज ऊर्जेचा काही भाग लक्ष्य वाकविण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा आघातातच उष्णता, ध्वनी व हाताच्या ऊतींतील विरूपण या रूपांनी खर्च होते. लक्ष्य जितके जड, तितका हा अपव्यय अधिक. भौतिकीच्या पाठ्यपुस्तकांतील एका प्रसिद्ध उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. मुठीचे वस्तुमान ०·७० किग्रॅ. धरले आणि आघातानंतर मूठ व लक्ष्य एकत्र गतिमान होतात असे मानले, तर ०·१४ किग्रॅ. वस्तुमानाची लाकडी फळी तुटण्यापूर्वी सु. १६ मिमी. वाकते आणि त्यासाठी सु. ५·२ जूल ऊर्जा लागते. ३·२ किग्रॅ. वस्तुमानाची काँक्रीटची लादी केवळ १·१ मिमी. वाकून तुटते व तिला सु. १·६ जूल एवढीच ऊर्जा पुरते. ऊर्जेच्या हिशोबाने पाहता लादी तोडणे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र फळीसाठी मुठीचा वेग सेकंदाला ४·२ मी., तर लादीसाठी ५ मी. असावा लागतो. कारण हलक्या फळीच्या बाबतीत मुठीच्या ऊर्जेचा सु. पाच-षष्ठांश भाग उपयोगी पडतो, तर जड लादीच्या बाबतीत एक-पंचमांशाहूनही कमी. तुटण्याच्या क्षणी फळीवर सु. ६५० न्यूटन व लादीवर सु. २,९०० न्यूटन बल कार्य करीत असते.

या विषयाचे पद्धतशीर विवेचन अमेरिकेतील भौतिकीविज्ञ जर्ल वॉकर यांनी १९७५ मध्ये केले. पुढे १९७९ मध्ये मायकेल फेल्ड, रॉनल्ड मॅकनेअर व स्टीव्हन विल्क यांनी द्रुतगती छायाचित्रणाच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासावर आधारित लेख सायंटिफिक अमेरिकन या मासिकात प्रसिद्ध केला. यांपैकी मॅकनेअर हे स्वतः कराटेपटू होते. ते पुढे अंतराळवीर झाले व १९८६ मधील चॅलेंजर यानाच्या अपघातात मृत्यू पावले. या अभ्यासात निष्णात कराटेपटूच्या हाताचा कमाल वेग सेकंदाला १० ते १४ मी. आढळला. नवशिक्याचा वेग सेकंदाला सु. ६ मी. असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सेकंदाला १४ मी. वेगाच्या हातात नवशिक्याच्या हाताच्या पाचपटींहून अधिक ऊर्जा असते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एक फळी किंवा एक पातळ लादी तोडण्यास लागणारा वेग नवशिक्याच्याही आवाक्यातील असतो. तरीही तो अनेकदा अयशस्वी होतो, कारण दुखापतीच्या भीतीने तो हात लक्ष्याला लागण्यापूर्वीच नकळत आवरता घेतो. हाताचा वेग तो सु. तीन-चतुर्थांश पसरलेला असताना कमाल असतो व पूर्ण पसरल्यावर शून्य होतो. म्हणूनच लक्ष्याच्या पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या पलीकडे काही अंतरावर आघात करावयाचा आहे असे समजून हात चालविण्यास शिकविले जाते. लक्ष्य न तुटल्यास ते हाताला परत लोटते व हातावरील ताण वाढतो. त्यामुळे कचरत केलेला आघात हा निश्चयाने केलेल्या आघातापेक्षा अधिक वेदनादायक ठरतो.

हात का मोडत नाही, या प्रश्नाचे उत्तर हाडाच्या गुणधर्मांत आहे. वरील अभ्यासकांच्या मते हाड काँक्रीटच्या सु. ४० पट प्रतिबल सहन करू शकते. शिवाय हाताचे हाड एकसंध नसून त्वचा, स्नायू, कंडरा व उपास्थी यांच्या वेष्टनात असते आणि हे मऊ भाग आघाताचा बराच अंश शोषून घेतात. मात्र हे संरक्षण हाताची ठेवण अचूक असेल तरच मिळते.

लक्ष्याची निवड व युक्त्या : वाकून तुटणाऱ्या वस्तूचे बल तिच्या रुंदीच्या व जाडीच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि आधारांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे ‘वीट फोडली’ एवढ्याच विधानावरून कौशल्याचे मोजमाप होत नाही. भारतीय मानकानुसार प्रमाण विटेची लांबी १९ सेंमी. आणि रुंदी व जाडी प्रत्येकी ९ सेंमी. असते. जपानी प्रमाण वीट २१ × १० × ६ सेंमी. असते. दोहोंची माती व भाजणी सारखी मानली आणि आधार टोकांपासून सारख्याच अंतरावर दिले, तरी भारतीय वीट तोडण्यास जपानी विटेच्या दुपटीहून अधिक बल लागते. याउलट, भारतीय मानकातील ४ सेंमी. जाडीच्या विटेस ९ सेंमी. जाडीच्या विटेच्या केवळ एक-पंचमांश बल पुरते. प्रेक्षकांना मात्र दूर अंतरावरून सर्व विटा सारख्याच दिसतात.

चळत रचण्याच्या पद्धतीलाही असेच महत्त्व आहे. एकावर एक चिकटून ठेवलेल्या लाद्या एकाच वेळी वाकतात व त्यांचे बल एकत्रित होते. दोन लाद्यांमध्ये काड्या वा पेन्सिली ठेवून फट राखल्यास त्या एकामागून एक तुटतात आणि वरच्या लादीचे तुकडे खालच्या लादीवर आदळून तिला तोडण्यास साहाय्य करतात. त्यामुळे फटी ठेवून फोडलेल्या दहा कौलांचे श्रेय एका कौलाच्या दहापट मानता येत नाही. जपानमध्ये प्रात्यक्षिकांसाठी सहज फुटणारी कौले मुद्दाम तयार केली जातात, तर तायक्वांदोच्या वर्गांतून तुटल्यावर पुन्हा जोडता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या फळ्या वापरतात. सराव म्हणून त्यांत गैर काही नाही. भट्टीत वाळवून ठिसूळ केलेल्या फळ्या, आधीच तडा दिलेल्या विटा किंवा करवतीने चिरून पुन्हा गोठविलेल्या बर्फाच्या लाद्या वापरणे ही मात्र फसवणूक होय. लाकडाची फळी तंतूंच्या दिशेने चिरते, आडवी सहसा तुटत नाही. म्हणून ती नेहमी तंतू आधारांना समांतर राहतील अशीच कापलेली असते.

दगड फोडण्याच्या प्रात्यक्षिकांत आढळणारी एक युक्ती विशेष उल्लेखनीय आहे. दगड ऐरणीसारख्या कठीण पायावर ठेवून त्याचे एक टोक हाताने किंचित उचलून धरतात. आघाताबरोबर दगड खालच्या कठीण कडेवर आदळतो आणि प्रत्यक्षात त्या कडेनेच फुटतो. छातीवर जड दगडी लादी ठेवून ती घणाने फोडण्याचा जत्रांतील प्रयोग तर तामेशिवारीहून सर्वस्वी भिन्न आहे. तेथे लादीच्या जडत्वामुळे घणाचा वेग शरीरापर्यंत फारसा पोहोचत नाही व बरीचशी ऊर्जा लादी फोडण्यातच खर्च होते. लादी जितकी जड, तितका खाली झोपलेला मनुष्य आघातापासून अधिक सुरक्षित असतो. प्रेक्षकांची समजूत मात्र नेमकी याच्या उलट असते.

मूल्यमापन : प्रामाणिकपणे केलेल्या तामेशिवारीत हाताचा वेग, आघाताची अचूकता, कंबर व खांदे यांच्या हालचालींचा मेळ आणि मनाचा निर्धार या गुणांची परीक्षा होते. सरावात आघात लक्ष्याच्या अलीकडेच थांबवावा लागणाऱ्या शैलींत तर आपला आघात कितपत प्रभावी आहे, हे जाणून घेण्याचा तो एक उपाय आहे. परंतु लढतीस आवश्यक असणारे समयभान, अंतराचा अंदाज, बचाव व प्रतिपक्षाच्या हालचालींची जाण हे गुण त्यात कसाला लागत नाहीत. वीट स्थिर असते, तिला दोन्ही बाजूंनी आधार असतो आणि तयारीसाठी हवा तेवढा वेळ मिळतो. मनुष्यदेह मऊ व चल असून आघाताबरोबर मागे सरकतो. म्हणून विटा फोडणारा मनुष्य उत्तम योद्धा असेलच असे नाही आणि उत्तम योद्ध्यास विटा फोडता याव्यात असेही नाही.

अपाय व दक्षता : अयोग्य रीतीने मूठ वापरल्यास करंगळीमागील तळहाताचे हाड मोडणे, ही नेहमी आढळणारी दुखापत आहे. यासाठी तर्जनी व मधले बोट यांच्या मुळांवरील पेरांनीच आघात करण्यास सांगितले जाते. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने वारंवार आघात केल्यास तेथील रोहिणीस इजा होऊन बोटांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. जर्मन शल्यविशारद यूलिउस व्होल्फ (१८३६–१९०२) यांनी प्रतिपादिलेल्या तत्त्वानुसार हाडावर येणाऱ्या भाराला अनुसरून त्याची रचना बदलते व क्रमाक्रमाने केलेल्या सरावाने ते बळकट होते. परंतु यास दीर्घ काळ लागतो आणि घाईने केलेल्या सरावाने बळकटीऐवजी सांध्यांना कायमची इजा संभवते. त्वचेवर पडलेले घट्टे हे हाडाच्या बळकटीचे गमक नव्हे. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. त्यास इजा झाल्यास हाडाची वाढ खुंटते वा ते वाकडे वाढते. म्हणून वाढ पूर्ण होण्यापूर्वी कठीण वस्तू फोडण्याचा सराव करू देणे इष्ट नाही. प्रौढांनीही पातळ फळीपासून प्रारंभ करून, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली हा सराव करणे आवश्यक असते. केवळ मंचावरील प्रयोग पाहून घरगुती विटेवर केलेले अनुकरण विशेष धोक्याचे ठरते, कारण मंचावरील वीट कोणती, किती जाड व कशी मांडलेली होती, हे अनुकरण करणाऱ्यास ठाऊक नसते.