शिवसागराकाठच्या वाटा

परदेशवारी करून आलेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात स्वित्झर्लंडमधील एका सरोवराचे भले थोरले छायाचित्र टांगलेले आहे. निळेशार पाणी, मागे बर्फाची शिखरे आणि काठाकाठाने गेलेली एक पाऊलवाट. त्यांच्या घरी गेले की त्या वाटेची हकिगत चहाबरोबर घ्यावीच लागते. एकदा मी न राहवून म्हटले, "अहो, असे सरोवर आमच्या खेड तालुक्याच्या उशालाच आहे!" रत्नागिरीकराने आंबा आणि समुद्र यांपलीकडे जाऊ नये, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

पण वाचकहो, मी थाप मारीत नव्हतो. खेडच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती चढून माथ्यावर गेले की पलीकडे, सातारा जिल्ह्यात, डोंगरांच्या कुशीत लांबच लांब पसरलेले पाणी दिसते. तेच कोयनेचे शिवसागर. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाजवळ १९६०च्या सुमारास धरण उभे राहिले आणि मागे सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत पाणी तुंबले.

आल्प्सची सरोवरे हिमनद्यांनी कोरली. त्यांना हजारो वर्षे झाली. तिथे आधी पाणी आले आणि मग त्याच्याभोवती माणसांच्या वाटा झाल्या. आमचे सरोवर साठ-पासष्ट वर्षांचे. इथे वाटा आधीच्या आणि पाणी मागून आलेले. म्हणूनच इथली पुष्कळशी वाट काठाने फिरत नाही, सरळ पाण्यात उतरते.

हे मला शिकवले ते माझ्या आत्याने. तिचे माहेर म्हणजे आमचे खेड तालुक्यातले घर आणि सासर घाटापलीकडे कोयनेकाठी. १९५७ साली लग्न होऊन ती गेली ती पायीच. पुढे मागे वऱ्हाडी, मध्ये हळदीच्या अंगाने घाट चढणारी सोळा वर्षांची नवरी! त्या काळी यात कोणालाच नवल वाटत नसे. कोकणातले मीठ आणि सुकी मासळी डोक्यावरून वर जायची आणि घाटावरचे धान्य खाली यायचे. डोंगर आडवा होता खरा, पण सोयरिकीच्या आड येत नव्हता.

चार-पाच वर्षांतच पाणी चढले. सुमारे शंभर गावांना धरणाची झळ लागली. कोणी सांगलीकडे गेले, कोणी सोलापूरकडे, कोणी कोकणात उतरले. आत्याचे बिऱ्हाड ठाणे जिल्ह्यात नव्या जमिनीवर गेले. आता ती चिपळूणला मुलाकडे असते. वय पंच्याऐंशीच्या घरात. ऐकू कमी येते, आठवते मात्र सगळे.

गेल्या वर्षी तिने मला जवळ बसवून विचारले, "काय रे, आमची वाट आहे का अजून?"

"कोणती वाट, आत्या?"

"अरे, माझ्या माहेरची! नागेश्वरावरून जायची ती. एकदा जाऊन बघून ये. आणि ह्यालाही घेऊन जा. ह्यानं गाव पाहिलंच नाही."

'हा' म्हणजे तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. तो साठीचा. त्याच्या जन्माआधीच गाव पाण्याखाली गेलेले. सातबाऱ्यापुरते आणि आईच्या बोलण्यापुरतेच त्याचे गाव!

आम्ही महाशिवरात्र गाठली. खेड तालुक्यातील चोरवणे हे डोंगराच्या पायथ्याचे शेवटचे गाव. तिथून वर नागेश्वराच्या गुहेकडे वाट जाते. शिवरात्रीला कोकणातून हजारो भाविक ती चढतात. पहाटे चारला विजेऱ्या घेऊन निघालो, तेव्हा पुढे मागे दिव्यांची रांगच लागली होती. एक म्हातारबाबा अनवाणी आमच्या पुढे गेले आणि जाताना म्हणाले, "दमानं या, देव काही उठून जात नाही." आमच्या नव्या कोऱ्या बुटांना तो टोला बरोबर लागला!

चढ छातीवर येणारा आहे. आधी झाडीची सावली, मग कारवीचे रान, शेवटी उघडा कातळ. पण वाट चुकत नाही, कारण दर वर्षी हजारो पायांनी ती तुडवली जाते. घाटवाटेला दुसरे औषध नाही. चार पावसाळे माणूस फिरकला नाही की रान तिला गिळून टाकते. व्यापार संपला आणि सोयरिकी तुटल्या, तरी ही वाट देवाने राखली.

चार तासांनी गुहेत पोचलो. वर कातळाचे छत, आत महादेवाची पिंड. दर्शन घेऊन पुढे कड्याच्या माथ्याने वासोट्याकडे निघालो. भाविकांची गर्दी मागे राहिली. एका बाजूला कोकण असे खोल, की आमच्या तालुक्यातल्या वाड्या काडेपेट्यांएवढ्या दिसाव्यात. दुसऱ्या बाजूला घनदाट अरण्य. हे कोयना अभयारण्य १९८५ सालचे. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरले. गवा, अस्वल, शेकरू यांचे हे घर. वासोट्याला शिवाजी महाराजांनी व्याघ्रगड हे नाव दिले असे सांगतात. ते का, हे त्या रानातून चालताना कोणी समजावून सांगावे लागत नाही. १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला. जुन्या वासोट्याच्या बाजूचा बाबूकडा पाहताना आतेभाऊ दोन पावले मागेच सरला.

तिथून पूर्वेकडे मेट इंदवलीच्या बाजूला उतरलो. झाडीतून पहिल्यांदा पाणी चमकले तेव्हा त्या स्विस चित्राची मला आठवण झाली; पण काठावर येताच ती पार गेली. फाल्गुन तोंडावर होता, पाणी ओसरू लागले होते. काठाला उघड्या तांबड्या मातीचा पट्टा, त्यात दगड लावलेली जुनी वाट, आणि ती वाट सावकाश उतरत पाण्यात शिरलेली. आतेभाऊ बराच वेळ उभा राहिला. मग वहाणा काढाव्या तसे त्याने बूट काढले, घोटाभर पाण्यात गेला आणि तिथूनच हात जोडले. मी काही बोललो नाही.

ठरवलेली लाँच आली आणि आम्ही बामणोलीला उतरलो. साताऱ्याकडून येणारी मंडळी याच्या उलट करतात. कासवरून बामणोली, तिथून लाँचने मेट इंदवली, आणि वासोटा पाहून परत. उत्तरेला कांदाटी खोऱ्यात तिसरीच तऱ्हा. तिथल्या शिंदी-अकल्प्याकडच्या गावांना सातारा पाण्यापलीकडे पडला. म्हणून ती माणसे रघुवीर घाटाने खेडचा बाजार गाठतात. पाण्याने एक नाते तोडले, तर दुसरे घट्ट केले म्हणायचे!

कोणाला जायचे असेल तर दोन शब्द सांगून ठेवतो. पावसाळ्यात तिकडे फिरकू नका. जळवा तुमची वाट पाहत असतात. वनखात्याची परवानगी आधी घ्या, चोरवण्याकडून रान खुले आहे का ते विचारा, वाटाड्या बरोबर घ्या आणि दिवस मावळायच्या आत रानाबाहेर पडा. वासोट्यावर मुक्कामाला मनाई आहे.

चिपळूणला परतल्यावर आत्यापुढे बसलो. काय सांगावे? मी म्हटले, "वाट आहे, आत्या. माथ्यापर्यंत चांगली आहे. पुढे मात्र..."

"पुढे पाणी आहे, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "खिंडीतल्या देवाला डहाळी वाहिलीत का?"

आम्ही दोघेही गप्प झालो. ते आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. वाटसरूने खिंडीत हिरवी डहाळी वाहायची, म्हणजे पुढची वाट सुखाची होते, ही रीत. पाणी चढले तेव्हा या रीतीचीही वाट तुटली होती.

तिच्या खिडकीतून वाशिष्ठी दिसते. आम्ही गप्प बसलेले पाहून तिनेच नदीकडे बोट केले. शिवसागराचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला खाली येते, वीज करते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. १९६२ पासून हे चालले आहे. एरवी कृष्णेबरोबर पूर्व समुद्राला गेले असते असे ते पाणी आता चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते.

"बघ," आत्या म्हणाली, "मी खाली यायच्या आधीच आमची कोयना माझ्या माहेराला आली होती. पण पुढच्या शिवरात्रीला परत जा हो. डहाळी राहिली आहे."

आतेभावाने आत्ताच रजा टाकून ठेवली आहे.