बैठकीची प्रार्थना कुणाची?

सेवाग्रामहून मी तुमची गट समन्वयक बोलते आहे. स्वयंपाक आटोपला असेल, कुणी अजून शेतातून यायच्या असतील. कामं करत करत ऐका, पण ऐका. आजचा विषय जरा नाजूक आहे. देवाधर्माचा आहे. आपण बचत, व्याज, बँकेचं कर्ज यावर पुष्कळ बोलतो, पण देवाधर्माचं निघालं की विषय बदलतो. माझ्या एका चुकीमुळे मला या विषयाकडे बघावं लागलं. ती चूकच आधी सांगते.

आमच्या एका गटात बारा जणी आहेत. आठ जणी हिंदू, तीन बौद्ध, एक मुस्लिम. गट सुरू झाला तेव्हा बैठक मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर व्हायची. सावली चांगली, पाणी जवळ. सुरुवात गणपतीच्या आरतीने व्हायची. ही पद्धत कुणी ठरवली, हे कुणाला आठवत नाही. सगळ्यांना येते म्हणून सुरू झाली. मीही टाळ्या वाजवायचे. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही.

काही महिन्यांनी एक बौद्ध ताई बैठकीला येईनाशी झाली. बचतीचे शंभर रुपये मात्र वेळेवर यायचे, मुलीच्या हाती. रजिस्टरमध्ये बचत जमा आणि हजेरीत रेघ, असं तीन महिने चाललं. मला वाटलं, मजुरीला जात असेल. त्याच काळात मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी तिला आठ हजार रुपये पाहिजे होते. तिने चिठ्ठी पाठवली. आमचा नियम असा की हजर बाईच्या मागणीचा विचार आधी. त्या दिवशी दोन जणी हजर होत्या, पैसे त्यांना गेले. ताईने बाहेरून शेकडा पाच रुपयांनी कर्ज काढलं. गटात शेकडा दोन लागले असते. म्हणजे गटात महिन्याचं व्याज एकशेसाठ झालं असतं, तिथे चारशे. दर महिन्याला दोनशे चाळीस रुपये जास्त.

मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "ताई, काऊन नाही येऊन राहिल्या तुम्ही?" ती आधी काही बोलली नाही. चहा झाल्यावर म्हणाली, "पैसे त देतोच ना मी बाई. पण आरती म्हणायचं मले नाही होत. अन् तोंड बंद ठेवून उभी राहिली त साऱ्या माह्याकडे पाहतात."

मैत्रिणींनो, यात तिचा हट्ट नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. हिंदू देवदेवतांची, त्यात गणपतीचीही, पूजा करणार नाही असं त्या प्रतिज्ञांमध्ये आहे. आपला उपास मोडला तर आपल्याला कसं वाटतं? तिला तसं वाटत होतं. मी तिला कधी विचारलंच नाही. बारा जणींच्या गटात आठ जणींचं ते सगळ्यांचं, असं मी धरून चालले होते.

घरी गेल्यावर मी विचार केला, की आपल्या श्रद्धेच्या जागा तरी किती? मला तीन दिसल्या. पहिली आपलं घर. देव्हारा असो, बुद्धाची मूर्ती असो, नमाजाची चटई असो, तिथे आपली मर्जी. दुसरी आपल्या लोकांची जागा: देऊळ, विहार, मशीद, भजनी मंडळ. तिथे जो त्या श्रद्धेचा, तो येतो. तिसरी जागा सगळ्यांची. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत, पाणवठा, आणि आपला बचत गट. इथे आपण देवासाठी जमत नाही, कामासाठी जमतो. घोळ होतो तो पहिल्या किंवा दुसऱ्या जागेचा नियम तिसऱ्या जागेला लावला की.

आता आपल्या गावाचंच बघा. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी गोंधळ होऊन टपाल तिकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम नाव पडलं. आश्रमात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, ती मोकळ्या मैदानात, आकाशाखाली. तिथे देऊळ नाही, मूर्ती नाही. त्या प्रार्थनेत बौद्ध मंत्र आहे, उपनिषद आहे, कुराणातला भाग आहे, पारशी आणि ख्रिस्ती प्रार्थनाही आहे. एकादश व्रतं म्हणतात, त्यात सर्वधर्मसमानत्व हे एक व्रत आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना सुरू केली. आपल्या विदर्भातल्या गावोगावी ती अजून होते. म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी एकत्र बसायचं कसं, हा प्रश्न आपल्या भागात जुनाच आहे.

पण कुणी म्हणेल, ज्याला देवच मान्य नाही त्याचं काय? त्याचंही उत्तर सेवाग्राममध्ये सापडतं. आंध्रचे गोरा नावाचे कार्यकर्ते होते. पूर्ण नाव गोपाराजू रामचंद्र राव. ते पक्के नास्तिक आणि अस्पृश्यतेविरुद्ध काम करणारे. १९४४-४५ मध्ये आश्रमात येऊन त्यांनी गांधीजींशी चर्चा केली. देव मानत नाही म्हणून त्यांना कुणी परत पाठवलं नाही. आपल्या मोठ्या मुलीचं लग्न दलित समाजातल्या तरुणाशी करायचं त्यांनी ठरवलं. हे लग्न आश्रमात व्हावं असं गांधीजी म्हणाले, आणि विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायलाही ते तयार झाले. पुढे गांधीजींची हत्या झाली. तरी मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागलं. स्वतः रोज रामनाम घेणाऱ्या माणसाने दुसऱ्यासाठी एवढी जागा केली. त्याने त्यांचं रामनाम कमी झालं नाही.

"पण आमच्या पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं," हे आपण नेहमी ऐकतो. आपल्या वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर बजाज कुटुंबाचं. जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये ते तेव्हा अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुलं केलं. देशात असं सुरुवातीला ज्या मंदिरांनी केलं त्यांतलं हे एक. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं. सर्व हिंदूंना सार्वजनिक मंदिरात जाता यावं, यासाठी १९५६ मध्ये कायदा झाला. आणि बायांचं? शनि शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायांना जाऊ देत नव्हते. २०१६ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जिथे पुरुष जाऊ शकतात तिथे बायांनाही अडवता येत नाही, हे त्याच १९५६ च्या कायद्यावरून न्यायालयाने सांगितलं, आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला चौथरा बायांसाठी उघडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायची बायांवरची बंदीही न्यायालयाने उठवली. तेव्हा पद्धत माणसांनी घातलेली असते आणि माणसं ती बदलतात. विठोबा १९४७ च्या आधीही तोच होता, नंतरही तोच आहे.

आपलं संविधान याबद्दल काय म्हणतं, ते साध्या शब्दांत सांगते. कलम २५ सांगतं की प्रत्येकाला आपल्या मनाप्रमाणे धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याबद्दल सांगायचा हक्क आहे. हा हक्क गावाला किंवा नवऱ्याला नाही, प्रत्येक माणसाला आहे, म्हणजे प्रत्येक बाईलाही आहे. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धक्का न लावता. कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कुणाकडून सक्तीने कर घेता येत नाही. कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. यात सरकार धर्माच्या विरोधात आहे असा अर्थ नाही. सगळ्यांची जागा सगळ्यांची राहावी, एवढाच आहे.

आता पैशाची गोष्ट. दरवर्षी नवरात्रात दुर्गा मंडळाची पोरं पावती पुस्तक घेऊन येतात. "बचत गटाची वर्गणी लिहा!" एका वर्षी आमच्या गटाने चोवीसशे रुपये गटाच्या निधीतून दिले. हिशोब करा. बारा जणी, म्हणजे प्रत्येकीचे दोनशे, म्हणजे प्रत्येकीची दोन महिन्यांची बचत. ज्या दुर्गेला मानतात त्यांचेही दोनशे आणि ज्या मानत नाहीत त्यांचेही दोनशे. कुणालाही न विचारता. उद्या विहाराच्या किंवा दर्ग्याच्या कामाला आपले दोनशे असेच गेले तर आपण काय म्हणू? आता आमचा ठराव आहे: देवधर्माची वर्गणी ज्याने त्याने आपल्या पदरातून द्यायची, गटाच्या निधीतून नाही. मंडळाची पोरं पहिल्या वर्षी रुसली. पण बायांनी आपापल्या घरून दिलं.

दुसरी गोष्ट हळदीकुंकवाची. संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू व्हायचं. आमची कोषाध्यक्ष विधवा आहे. सगळ्या गटाचा हिशोब जिच्या हाती, ती त्या दिवशी मागे चहा गाळत बसायची. तिला कुणी बस म्हटलं नाही, तीच बसायची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आम्ही ते बैठकीत वाचलं. आता संक्रांतीला तिळगूळ आणि वाण सगळ्यांना. ज्यांना कुंकू लावायचं त्या लावतात, ज्यांना नको त्या हात जोडतात. पहिल्या वर्षी आमच्या कोषाध्यक्षबाईंनी वाण घेतलं आणि लगेच उठून गेल्या. दुसऱ्या वर्षी बसल्या.

आणि एक. श्रद्धेबद्दल बोलताना भीतीबद्दलही बोललं पाहिजे. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर तो आला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, एखादीला चेटकीण ठरवून त्रास देणं, चमत्काराच्या नावावर फसवणं हे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा, घरची पूजा यांना हा कायदा हात लावत नाही. जात पंचायतीने कुणाला वाळीत टाकलं, तर त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे गटात वाचून दाखवा. आपल्यातल्या कुणा एकीला त्याची गरज असते, पण ती सांगत नाही.

मग आमच्या बैठकीचं काय झालं? ताईच्या घरून आल्यावर पुढच्या बैठकीत मी विषय काढला. तिचं नाव घेतलं नाही. एक वयस्कर काकू लगेच म्हणाल्या, "देवाचं नाव नाही घेतलं त पैशाले बरकत कशी येईन?" मला त्यांचा राग आला नाही. त्यांची चाळीस वर्षांची सवय आहे आणि मनापासूनची आहे. कुणी म्हणालं, सगळ्या धर्मांची एकेक प्रार्थना म्हणू. पण ती पाठ कोण करणार, आणि एक तास बैठकीतला अर्धा तास त्यातच जाईल. शेवटी आमची मुस्लिम भाभी म्हणाली, "दोन मिनिटं साऱ्या चूप बसा. ज्याचं त्यानं मनात म्हणा." तेच ठरलं. बैठकही ओट्यावरून अंगणवाडीच्या व्हरांड्यात आणली. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, म्हणून वार बदलून बुधवार केला. तो आधीच का बदलला नाही, असं भाभीला विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही."

काकू अजूनही डोळे मिटून ओठ हलवतात. ऐकू येत नाही, पण कोणती आरती चालू आहे ते आम्हाला कळतं. ताई पुन्हा यायला लागली. बाहेरचं कर्ज फेडायला तिला गटाने पैसे दिले. पण त्या मधल्या महिन्यांचं जास्तीचं व्याज तिने भरलं ते भरलंच, ते आम्हाला परत देता आलं नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत तीन प्रश्न एकमेकींना विचारा. आपल्या सुरुवातीच्या प्रार्थनेत कुणाचं तोंड बंद असतं? आपल्या निधीतून कुणाला न विचारता काय दिलं गेलं? आणि आपल्या सणात मागे चहा गाळत कोण बसतं? हजेरीचं रजिस्टर उघडून बघा. बचत जमा आणि हजेरीत रेघ असेल, तर त्या बाईच्या घरी जा. चहा घ्या आणि ती बोलेपर्यंत थांबा.

पुढच्या वेळी पीक कर्जाच्या कागदपत्रांबद्दल बोलू. तोवर नमस्कार, जय भीम, आदाब!