पाय अडकविणारें पायडल

गेल्या आश्विनांत आमच्या घरांतील एक मुलगा श्रीलक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे जाणाऱ्या उतारावर पायगाडीसकट आडवा झाला. गाडी थांबलेली होती, ब्रेक नीट लागला होता, समोरून माणूस वा गुरूं कांहीं आलेलें नव्हतें. केवळ त्याचा पाय पायडलापासून सुटला नाहीं. हा माझ्या थोरल्या बंधूंचा नातू, वय वर्षें पंधरा. उजव्या मनगटाचें हाड मोडलें आणि सहामाहीचे पेपर त्यास लेखनिकाकडून लिहवून घ्यावे लागले. घरांत साहजिकच ठराव झाला कीं, तीं पायडलें उपटून भंगारांत घालावीं. त्या ठरावास मीं एकट्यानें विरोध केला. तो कां केला हें सांगावें, आणि ज्यांच्या घरीं अशीं जुनीं पायडलें पडून असतील त्यांस चार गोष्टी उपयोगी पडाव्या, म्हणून हा लेख लिहीत आहें.

हीं पायडलें माझ्या धाकट्या बंधूंचीं. १९९० नंतरच्या दशकांत ते नोकरीनिमित्त अमेरिकेंत होते. तेथें डोंगरवाटांवर हिंडण्यासाठीं घेतलेली पायगाडी त्यांनीं परततांना सामानाबरोबर वालावलीस आणली. पुढें पंचवीस वर्षें ती मांगरांत सोडणांच्या ढिगामागें पडून होती. नातवानें ती बाहेर काढली, धुतली, आणि ह्या पायडलांस लागणारे बूट चुलत आजोबांकडून हट्टानें मागवून घेतले. बूट नवे आले. त्यांच्या तळव्यास पोलादी पट्टी मात्र जुनीच लावली.

ह्या पायडलांस ‘क्लिपलेस’ म्हणतात, म्हणजे ज्याला क्लिप नाहीं तें. व्याकरणदृष्ट्या हा निर्दोष बहुव्रीहि असला तरी अर्थानें तो फसवा आहे, कारण पाय अडकविणें हेंच ह्या पायडलाचें काम. नांवाचें कारण ऐतिहासिक आहे. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना चवड्यावरून येणारी लोखंडी कमान व चामडी पट्टा असे. त्या कमानीस ‘टो-क्लिप’ म्हणत. ती कमान काढून टाकली, म्हणून नवें पायडल बिनक्लिपचें ठरलें. कल्पना मात्र पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेंत चार्ल्स हॅन्सन यानें १८९५ सालींच अशा पायडलाचें पेटंट घेतलें होतें. बर्फावरील स्कीचे बूट अडकविण्याची युक्ति ‘लुक’ या फ्रेंच कंपनीनें १९८४ सालीं पायडलांत आणली, आणि पुढच्याच वर्षीं बर्नार्ड हिनो यानें तींच वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. पण ते बूट घालून चार पावलें चालणें कठीण. १९९० च्या सुमारास जपानच्या ‘शिमानो’नें डोंगरी पायगाडीसाठीं लहान पट्टीचें पायडल काढलें. ही पट्टी बुटाच्या तळव्यांतील खांचेंत दडते, म्हणून गाडी खांद्यावर घेऊन चढणहि चढतां येते. आमचीं पायडलें त्याच जातीचीं आहेत. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं दोघांच्या संघानें ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. असल्या हजारों किलोमीटरांच्या शर्यतींत पाय एकाच ठिकाणीं स्थिर ठेवण्यास हींच पायडलें वापरतात. खडबडीत वाटेवर पाय घसरून नडगी फुटत नाहीं, हा यांचा खरा गुण.

रचना साधी आहे. पट्टीचें टोंक पायडलाच्या पुढील ओठांत घालून चवडा दाबला कीं मागील जबडा स्प्रिंगच्या जोरानें ‘खट्’ असा मिटतो. सोडवितांना पाय वर ओढावयाचा नाहीं. टांच बाहेरच्या अंगास वळवावयाची. जबडा किती जोरानें धरतो हें एका लहान स्क्रूवर अवलंबून असतें. तो तीन मिलिमीटरच्या ॲलन चावीनें फिरवितां येतो. पायडलास दोन तोंडें, म्हणून दोहोंचे मिळून चार स्क्रू.

ह्या चार स्क्रूंपाशींच माझा अपराध आहे. गाडी साफ करतांना मला ते सैल लागले. सैल दिसेल तें आवळावें ही जन्माची खोड. वर्गांतील बाकांचे स्क्रू मीं वर्षानुवर्षें असेच आवळले. चारहि स्क्रू मीं शेवटपर्यंत पिळले आणि वर स्वयंपाकघरांतील खोबरेल सोडलें. मुलगा पडला तेव्हां सूनबाईंनीं त्याच्याच उतावळेपणास बोल लावला व तो खालीं मान घालून ऐकत राहिला. आठ दिवसांनीं मीं रिकामा बूट हातानें पायडलांत दाबून पाहिला. तो सोडवितांना माझे दोन्ही हात थरथरले. त्या रात्रीं जेवणाच्या पंगतींत सर्वांसमक्ष सांगितलें कीं, स्क्रू मीं आवळले होते. सूनबाई वाढतां वाढतां थांबल्या. मुलगा एवढेंच म्हणाला, “आजोबा, मला वाटलें, मलाच जमत नाहीं.” हें वाक्य मला मनगटाच्या मोडलेल्या हाडापेक्षां अधिक लागलें.

आतां निगेविषयीं. नवशिक्यासाठीं चारहि स्क्रू डावीकडे फिरवून सर्वांत सैल ठेवावे, आणि चारहि सारखेच ठेवावे. एका तोंडाला पाय सहज सुटतो व दुसऱ्याला अडतो असें होतां कामा नये. पट्टी चार मिलिमीटरच्या चावीनें बसते. ती चवड्याच्या उंचवट्याखालीं यावी. तिचे दोन बोल्ट महिन्यांतून एकदां तपासावे. एक बोल्ट गळाला तर टांच वळविली तरी पट्टी बुटाखालीं जागच्या जागीं फिरते व पाय सुटतच नाहीं. हा धोका सर्वांत मोठा. पट्टीच्या कडा झिजल्या म्हणजे पाय कधीं भलत्या वेळीं सुटतो, तर कधीं हट्टानें धरला जातो. पट्ट्या आजहि मिळतात. आपल्या पायडलाशीं जुळते याची खात्री करून घ्यावी.

पायडल काढतांना ध्यानांत ठेवावें कीं, उजवें पायडल प्रदक्षिणेच्या दिशेनें घट्ट होतें, डावें अपसव्य. दोहोंचे आटे एकाच दिशेचे असते तर डावें पायडल चालतां चालतां सैल होऊन गळालें असतें. सोपी खूण अशी: पाना आंसावर उभा धरावा, दोन्ही बाजूंस तो मागील चाकाकडे ओढला कीं पायडल सुटतें, पुढें ढकलला कीं आवळतें. पायडलाच्या पोटांतील आंसाच्या संचाचे आटे मात्र याच्याहि उलट, म्हणजे उजव्या पायडलाचे डावे व डाव्याचे उजवे. तेथें जोर लावण्यापूर्वीं कोरलेला बाण पाहावा. संच दांतेरी साधनानें काढून, पोकळींत निम्म्यापर्यंत ताजें ग्रीस भरून तो पुन्हां पिळला कीं जुनें काळें ग्रीस आपोआप बाहेर येतें.

आमच्या कोंकणांत दोन शत्रू अधिक आहेत. खाऱ्या दमट हवेंत ॲल्युमिनियमच्या क्रँकमधील पोलादी आंस असा धरतो कीं पुढें सुटत नाहीं. म्हणून पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर पायडलें काढून आट्यांना ग्रीस लावावें. दुसरा शत्रू तांबडा चिखल. तो जबड्यांत वाळला कीं विटेसारखा घट्ट होतो. जुन्या दांतघासणीनें तो झाडावा, जोराच्या पाण्यानें धुऊं नये, सुकवून स्प्रिंगच्या सांध्यांत पातळ यंत्रतेलाचे दोन थेंब सोडावे व वरचें पुसून घ्यावें. खोबरेल केसांस उत्तम, पण यंत्रांत तें थंडींत गोठतें, पुढें चिकट होतें व धूळ धरून ठेवतें.

शेवटीं पायडलें भंगारांत गेलीं नाहींत. सूनबाईंनीं एक अट घातली. पडवीच्या खांबाला धरून, गाडीवर बसून, प्रत्येक पाय वीस वेळां अडकवून सोडवून दाखवावा, आणि थांबण्याच्या दहा हात आधींच एक पाय मोकळा करावा. मार्गशीर्षांत मनगट बरें झाल्यावर मुलानें ती परीक्षा दिली. तो वीस वेळां उत्तीर्ण झाला, मी बाजूस उभा राहून मोजत होतों. आतां तो सकाळीं नेरूरपर्यंत जाऊन येतो. तीन मिलिमीटरची ती चावी सूनबाईंनीं देवघरामागील खुंटीला टांगून ठेवली आहे. ती घ्यावयाची तर मला त्यांस विचारावें लागतें.